एओथ्री: पात्र जपून लिहिणाऱ्याच्या नजरेतून

'आर्काइव्ह ऑफ अवर ओन', सगळ्यांच्या तोंडी एओथ्री, ही फॅनफिक्शनची, म्हणजे दुसऱ्याच्या कथेतली पात्रे घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथांची साइट २००९ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्सफॉर्मेटिव्ह वर्क्स ही ना-नफा संस्था ती देणग्या आणि स्वयंसेवकांच्या जिवावर चालवते. जाहिराती नाहीत. बहुतेक कथा वाचायला खाते लागत नाही. लिहायला लागते, आणि त्यासाठी निमंत्रणाच्या रांगेत थांबावे लागते. २०१९ मध्ये तिला विज्ञानकथा-साहित्यातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. पण दुसऱ्याने घडवलेले पात्र हातात घेऊन ते बिघडू न देता लिहायचे असेल, तर ही साइट किती कामाची? आपण मूळ कथेपासून किती लांब गेलो हे वाचकाला सांगायची सोय इथे चोख आहे. नकळत लांब गेलो असू, तर ते आपल्याला कळावे अशी सोय जवळपास नाहीच.

फॅनफिक्शन डॉट नेट या दुसऱ्या साइटवर एका कथेला जास्तीत जास्त ४ पात्रे आणि २ जॉनर (कथाप्रकार) निवडता येतात. बाकीचे सारांशात कोंबायचे. एओथ्रीवर टॅग आपल्या शब्दांत लिहिता येतात. फॅन्डम (ज्या मूळ कलाकृतीवर कथा बेतली ती), पात्रे, नाती आणि जादा टॅग मिळून ७५ पर्यंत मुभा आहे. एकाच गोष्टीला दहा जणांनी दहा नावे दिली तरी 'टॅग रँगलर' स्वयंसेवक ती एका मान्य टॅगला जोडतात, म्हणून फिल्टर नीट चालतो. नात्याच्या टॅगमध्ये दोन नावांमधली तिरपी रेघ म्हणजे प्रेम किंवा शरीरसंबंध, आणि 'अँड'चे चिन्ह (&) म्हणजे मैत्री किंवा घरचे नाते. ही खूण चुकली की पात्र कितीही नेमके उतरलेले असो, वाचक पहिल्या संवादापासून भलतेच काही शोधत बसतो.

निष्ठेच्या दृष्टीने तीन टॅग महत्त्वाचे. 'कॅनन कम्प्लायंट' म्हणजे मूळ कथेतल्या कशालाही धक्का नाही. हा लावण्याआधी घटनाक्रम कागदावर मांडावा आणि आपला प्रसंग कोणत्या दोन घटनांच्या मध्ये बसतो ते ठरवावे. त्या वेळी पात्राला काय माहीत होते, याची वेगळी नोंद हवी. बहुतेक घोळ इथेच होतो: लेखकाला शेवट ठाऊक असतो, म्हणून पात्रही तो ठाऊक असल्यासारखे बोलू लागते.

'कॅनन डायव्हर्जन्स' म्हणजे एका ठिकाणी वाट बदलली. ते ठिकाण एकच असावे आणि सारांशात सांगून टाकावे. त्याआधीचा इतिहास, सवयी, वैर जसेच्या तसे. त्यानंतरचा प्रत्येक फरक त्या एका बदलातून निघालेला दिसला पाहिजे. भाऊ मेला नाही, म्हणून सूडाला पेटलेला माणूस सूड घेत नाही, हे पटते. पण तेवढ्याने तो बोलका आणि विनोदी कसा झाला? ते पानावर दिसले नाही तर बदल घटनेत झालेला नसतो, पात्र बदललेले असते.

तिसरा 'आउट ऑफ कॅरेक्टर' (ओओसी), म्हणजे पात्र त्याच्या मूळ स्वभावाबाहेर वागते. विडंबनात तो योग्यच आहे. गंभीर कथेवर तो पुष्कळदा आगाऊ जामीन म्हणून लावलेला असतो. लावण्याआधी खटकणारे वाक्य काढून तीन प्रश्न विचारावेत: पात्राने मूळ कथेत असे कधी केले आहे का, त्याच्याबद्दल असे फक्त दुसरे कोणी म्हणते का, की ते स्वतःच स्वतःबद्दल म्हणते? कृतीचे वजन सर्वांत जास्त. दुसऱ्याच्या मतात त्याचा राग-लोभ मिसळलेला असतो, आणि स्वतःबद्दल तर पात्रे सर्रास खोटे बोलतात. मराठीत लिहिताना आणखी एक निर्णय घ्यावा लागतो: कोण कोणाला 'तू' म्हणतो आणि भांडणात 'तुम्ही'वर जातो का. मूळ भाषेत हा भेद नसेल तर सगळ्या जोड्यांचा तक्ता आधीच करून ठेवावा.

वाचण्याच्या बाजूला एक सापळा आहे. यादी कुडोजप्रमाणे, म्हणजे वाचकांनी एका क्लिकने दिलेल्या पसंतीप्रमाणे, लावली की जुन्या, गाजलेल्या कथा वर येतात, आणि नवा लेखक त्यांच्यातलेच पात्र खरे धरतो. फॅनन, म्हणजे मूळ कथेत नसलेला पण चाहत्यांत रूढ झालेला समज, असाच पसरतो. मितभाषी पात्र उर्मट होते, थट्टेखोर पात्र पोरकट होते, आणि एकदा घेतलेली कॉफी त्याची जन्माची ओळख बनते. उपाय साइटवरच आहे. पात्राचा टॅग उघडा, फिल्टरमध्ये त्याचे सर्वांत लोकप्रिय नाते वगळा, शब्दसंख्येला खालची मर्यादा घाला आणि तारखेप्रमाणे लावा. वेगवेगळी वाचने समोर येतात. जी लकब सगळीकडे दिसते ती मूळ कथेत शोधा. सापडली नाही तर आपल्या मसुद्यातून काढा.

प्रतिसादाची व्यवस्था मात्र लंगडी वाटते. एका वाचकाला एका कथेला एकच कुडोज देता येतो, मग कथा ३ प्रकरणांची असो वा ४० प्रकरणांची. सातव्या प्रकरणात पात्र घसरले हे त्या आकड्यातून कधीच कळणार नाही. टिप्पण्या प्रकरणावार येतात, म्हणून प्रकरणाच्या शेवटच्या टिपेत नेमका प्रश्न घालावा: 'तिने इथे माफी मागणे पटले का?' 'कशी वाटली कथा?' विचारले तर 'छान' एवढेच उत्तर येते. प्रकाशनापूर्वी तपासणारा बेटा रीडर शोधायची यंत्रणा एओथ्रीवर नाही. फॅनफिक्शन डॉट नेटवर ती आहे. तिथून किंवा ओळखीतून दोघे गाठावेत: एक मूळ कथा कोळून प्यालेला, दुसरा तिच्याशी फारसा परिचय नसलेला. पहिला विसंगती पकडतो. दुसरा सांगतो की पात्राचा स्वभाव पानावर खरेच उतरला आहे, की वाचकाच्या आठवणीवर भागवले आहे.

बेटा रीडरला मसुदा पाठवायचा असेल तर तो स्वतःच्या फाइलमध्येच ठेवा. एओथ्री अप्रकाशित मसुदा साधारण महिन्याभरात पुसून टाकते.