कोडप्लग स्वतः लिहिला, मग हा हँडसेट उमगला

हा डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) हँडसेट, म्हणजे हौशी रेडिओसाठीचा हातातला वायरलेस सेट, वापरायला लागून मला आठ महिने झाले. व्हीएचएफ आणि यूएचएफ दोन्ही बँड, साधा एफएमही आहे, ५ वॅट पॉवर. असे सेट कागदावर जवळपास सारखेच दिसतात, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मला सांगायचंय ते प्रोग्रॅमिंगबद्दल. माझे पहिले तीन आठवडे त्यातच गेले, आणि सेट चांगला की वाईट हे मला तिथेच कळलं.

एफएमच्या सेटवर फ्रिक्वेन्सी, शिफ्ट (पाठवण्याच्या आणि ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) आणि टोन (रिपीटर, म्हणजे आपला सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं केंद्र, उघडणारा सूर) घातला की बोलता येतं. डीएमआरमध्ये हे सगळं एका फाइलमध्ये बसवावं लागतं, तिला कोडप्लग म्हणतात. प्रत्येक चॅनेलला कलर कोड (रिपीटरशी जुळावा लागणारा क्रमांक), टाइमस्लॉट (वाहिनीच्या दोन वेळ-हिश्शांतला एक), टॉकग्रुप (आपसात बोलणाऱ्यांचा गट) आणि रिसीव्ह लिस्ट (ऐकायच्या गटांची यादी) द्यायची, मग ते चॅनेल झोनमध्ये, म्हणजे कप्प्यांमध्ये, मांडायचे. मी घाईने दुसऱ्या कुणीतरी बनवलेला तयार कोडप्लग चढवला. शेकडो चॅनेल आले, पण त्यातला एकही मला समजत नव्हता. आणखी एक चूक केली: आधी सेटमधला मूळ डेटा वाचून ठेवलाच नाही. नवीन सेट घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, केबल जोडली की पहिलं बटण ‘रीड’चं दाबा, ती फाइल जपून ठेवा आणि मगच ‘राइट’कडे वळा.

त्या तयार फाइलवर रिपीटरच्या चॅनेलला पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबला की सेट नकाराचा टोन द्यायचा. तीन संध्याकाळी मी अँटेना आणि जागा बदलत बसले. दोष कलर कोडचा होता. डीएमआरचा हँडसेट रिपीटरला आधी एक छोटा संदेश पाठवून जागं करतो आणि त्याचं उत्तर आलं तरच बोलू देतो. कलर कोड ० ते १५ मधला नेमका तोच नसेल तर रिपीटर गप्प राहतो. हे कळल्यावर मी ती फाइल काढून टाकली आणि कोऱ्या फाइलवर एकाच चॅनेलपासून सुरुवात केली.

पुढची अडचण ऐकण्याची होती. हॉटस्पॉटच्या (सेटला इंटरनेटवरून नेटवर्कशी जोडणाऱ्या घरच्या छोट्या यंत्राच्या) पडद्यावर दुसऱ्या टॉकग्रुपवरची माणसं बोलताना दिसत, सेट मात्र शांत. तो टॉकग्रुप माझ्या रिसीव्ह लिस्टमध्येच नव्हता. या सेटवर डिजिटल मॉनिटर आहे, तो लावला की स्लॉटवर येणारं सगळं ऐकू येतं. मी तो बाजूच्या बटणावर ठेवलाय. खोट कोडप्लगमध्ये आहे की सिग्नलमध्ये, हे त्यामुळे एका दाबात कळतं. या एका सोयीसाठी मी सेटला मनापासून चांगले गुण देते.

ब्रँडमाइस्टर या डीएमआर रिपीटर आणि हॉटस्पॉट जोडणाऱ्या नेटवर्कवर ९९९० हा पॅरट आहे, आपलं बोलणं रेकॉर्ड करून परत ऐकवणारा. तो प्रायव्हेट कॉल म्हणून घालायचा. मी ग्रुप कॉल केला होता, म्हणून उत्तर येईना. दुरुस्त केल्यावर आठ-दहा वेळा स्वतःचा आवाज ऐकून माइक गेन दोन पायऱ्या खाली आणला. डीएमआरमध्ये आवाज व्होकोडरमधून, म्हणजे बोलणं थोडक्या डिजिटल माहितीत बसवणाऱ्या भागातून, दाबून जातो. तोंडाजवळ धरून जोरात बोललं की शब्द चिरकतात, वीतभर दूर धरून नेहमीच्या आवाजात बोललं की स्वच्छ जातात.

सेटच्या तक्रारीही आहेत. कीपॅडवरून नवीन डिजिटल चॅनेल भरणं इतकं किचकट आहे की बाहेर असताना ते जमेल असं धरून चालू नका. सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. फर्मवेअर बदललं की त्याला जुळणारं सॉफ्टवेअरही घ्यावं लागतं, आणि ही गोष्ट माहितीपत्रकात ठळक लिहायला हवी होती. उन्हात पडद्यावरची छोटी अक्षरं वाचताना डोळे ताणावे लागतात.

बॅटरीवर मात्र मी खूश आहे. डीएमआर हे २००५ साली ईटीएसआय या युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने प्रसिद्ध केलेलं मानक, १२.५ किलोहर्ट्झच्या एका वाहिनीत ३० मिलिसेकंदांचे दोन स्लॉट आळीपाळीने येतात. सेट फक्त आपल्या स्लॉटमध्ये प्रसारण करतो, म्हणजे बोलताना ट्रान्समीटर निम्मा वेळ बंदच असतो. माझ्या रोजच्या वापरात तो दोन दिवस आरामात पुरतो.

रेंजची मर्यादा वेगळ्या तऱ्हेने जाणवते. एफएममध्ये खरखर वाढत जाते आणि कान सावध होतो. इथे आवाज शेवटपर्यंत निर्मळ असतो, मग अचानक तुटतो. काठावर असाल तर दोन पावलं सरकून पाहा, बरेचदा तेवढ्याने जमतं. कमकुवत सिग्नलवर लांबचं बोलायचं असेल तर मी अजूनही त्याच सेटचं एफएम वापरते.

डीएमआर आयडी (वापरणाऱ्याचा ओळख क्रमांक) सेटमध्ये असला तरी कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखनाव, तोंडाने द्यायचाच. पडद्यावर नाव उमटलं म्हणून तो गाळू नका. आणि पीटीटी दाबल्यावर क्षणभर थांबा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि तो शब्द बहुधा समोरच्याचा कॉलसाइनच असतो.

माझ्या आताच्या फाइलमध्ये ४८ चॅनेल आहेत, चार झोनमध्ये. प्रत्येक बदलानंतर तारखेसह एक प्रत ठेवते. अशा अकरा प्रती झाल्यात.