बोलेरो पिकअपला बाहेरून लिफ्ट पंप: बसवण्याजोगा, पण आधी पाइप बघा

लिफ्ट पंप म्हणजे टाकीतून डिझेल इंजिनाकडे ढकलणारा पंप. हा १२ व्होल्टचा, मुठीएवढा चौकोनी, ४ ते ७ पीएसआय दाब देणारा आणि चालू झाला की टक-टक-टक वाजणारा. दुकानात 'क्यूब पंप' किंवा 'इलेक्ट्रिक फीड पंप' म्हणून मागायचा. २५२३ सीसीच्या कॉमन रेल बोलेरो पिकअपला तो कितपत उपयोगी आहे, त्याचा हा हिशेब. पाचपैकी साडेतीन गुण. कापलेला दीड गुण पंपाचा नाही, सोबत येणाऱ्या सामानाचा आहे.

'पिकअप वाढतो, नाद खुळा' असं कोणी सांगत असेल तर सोडून द्या. इंजिनात किती डिझेल जायचं हे ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि इंजेक्टर ठरवतात. पूर्ण लोडवरही हे इंजिन तासाला पंधरा-वीस लिटरच्या आसपासच जाळतं. टाकीकडून जास्त ढकललं म्हणून ताकद वाढत नाही. डिझेल कमी पडत असेल तर ते पुरं पडतं, एवढंच.

कमी का पडतं? हाय प्रेशर पंपाच्या पाठीला एक छोटा गिअर पंप असतो आणि तोच टाकीतून डिझेल ओढतो. म्हणजे टाकी, पाइप, फिल्टर ही अख्खी लाइन ओढीखाली असते. ओढीखालच्या लाइनची खोड अशी की रबरी पाइपला चीर पडली तरी डिझेल गळत नाही, उलट हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत आणि सकाळी मात्र सेल मारून बॅटरी बसायची वेळ. रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या सामायिक नळीत, साधारण २०० बार दाब जमल्याशिवाय इंजिन उठत नाही, आणि लाइनमध्ये हवा असेल तर ते जमायला वेळ लागतो. माल भरून करूळ किंवा आंबा घाट चढताना तिसऱ्या गिअरला गाडी धापा टाकते, चेक लाइट लागतो, सपाटीला आली की पुन्हा शहाणी.

म्हणून पंप विकत घेण्याआधी दोन तपासण्या. फिल्टर आणि हाय प्रेशर पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक पाइप घाला आणि गाडी चालू ठेवून बुडबुडे बघा. मग तिथेच टी लावून व्हॅक्यूम गेज जोडा आणि भरलेली गाडी चढावर घ्या. पाऱ्याचे ५ इंच ठीक. काटा १० च्या पुढे गेला तर कुठेतरी तुंबलंय. १५ म्हणजे अर्धा बार. या जातीच्या हाय प्रेशर पंपाला तोंडाशी तेवढी ओढ ही शेवटची हद्द. बुडबुडे दिसले तर पाइप, क्लिप, बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) कॉपर वॉशर बदला. काटा चढला तर फिल्टर आणि टाकीतली जाळी साफ करा. बऱ्याच गाड्या इथेच बऱ्या होतात, पंपाचा खर्च वाचतो. आणि दोन्ही ठीक असून सेल लांबत असेल तर इंजेक्टरची रिटर्न (न जळता परत जाणारं डिझेल) मोजा. गळक्या इंजेक्टरला लिफ्ट पंपाचा काडीचा उपयोग नाही.

हे सगळं नीट असूनही घाटात काटा ८-१० वर जात असेल, लाइन लांब असेल, गाडी रात्री उतारावर लागल्यावर डिझेल मागे टाकीत उतरत असेल, तर हा पंप खरोखर कामाचा. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स इंजिनाच्या पिकअप २००१ पासून अशाच ओढीच्या लाइनवर होत्या. कंपनीने लिफ्ट पंप दिला तो २०१७ च्या मॉडेलपासून. तिथल्या किटचा बाजार त्यातूनच वाढला. मात्र ते मोठे किट ६.६ लिटरच्या इंजिनासाठी आहेत, आपल्या पिकअपला ते म्हणजे उंदराला हत्तीची झूल.

आता बसवणं. बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. पंप टाकीजवळ, चॅसीच्या आतल्या बाजूला, टाकीच्या तळाच्या पातळीला, आउटलेट वर करून. हा पंप ढकलण्यात तरबेज, ओढण्यात कच्चा. इंजिनजवळ लावला तर निम्मं काम वाया. चाकाचा चिखल आणि सायलेन्सर दोन्हीपासून लांब, आणि बोल्टखाली रबरी बुश, नाहीतर टकटक केबिनमध्ये ऐकू येते. टाकी आणि पंपाच्या मध्ये जाड जाळीचा स्ट्रेनर हवाच. मूळ फिल्टर पंपाच्या पुढेच, इंजिनाच्या बाजूला राहतो. इथे एक तोटा आहे: डिझेलमधलं पाणी पंपातून घुसळून बारीक थेंबांत फुटतं आणि फिल्टरमध्ये खाली बसायला कुरकुरतं. वेगळा वॉटर सेपरेटर लावणार असाल तर तो पंपाच्या आधी. पावसाळ्यात फिल्टरचं पाणी एरवीपेक्षा लवकर लवकर काढा.

सामानाची रड इथून सुरू. अशा बऱ्याच पंपांची चूडी १/८ एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाची, इंचाला २७ आटे. आपल्याकडे सहज मिळणारं निपल बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचं, २८ आट्यांचं. दोन-तीन फेरे छान बसतं, मग अडतं, आणि जोर लावला की पंपाची बॉडी तडकते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर पितळी ॲडॅप्टर करून घेणं हाच सरळ मार्ग. टेफ्लॉन टेप नको, तिचे तुकडे पुढे जातात. थ्रेड सीलंट लावा, तेही पहिले दोन आटे सोडून. किटमधला पाइप पाण्याचा निघाला तर फेकून द्या, डिझेलने तो फुगतो. ८ मिमी आतल्या मापाचा, डिझेलसाठीचाच पाइप घ्या. पट्टीत आरपार खाचा असलेली जुबली क्लिप पाइपात रुतते, त्याऐवजी पूर्ण पट्टीची क्लिप.

पंपाला समांतर बायपास (वळसा घालणारा पाइप) आणि त्यात इंजिनाच्या दिशेने उघडणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घातला तर घाटात पंप मेला तरी गाडी जुन्या पद्धतीने ओढून घेते. काम झाल्यावर फ्यूज काढून एक फेरी मारा, म्हणजे बायपास खरा की नावाचा ते कळेल.

वायरिंगमध्ये रिले टाळू नका. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीवरून ५ अँपिअरचा फ्यूज (बॅटरीजवळच), ८७ पंपाला, ८५ अर्थ. ८६ थेट इग्निशनवर देणं सोपं, पण अपघातात पाइप तुटला तर किल्ली बंद होईपर्यंत पंप डिझेल ओततच राहतो. चार्जिंगचा दिवा थेट अल्टरनेटरवरून येत असेल तर ८६ तिथून घ्या: इंजिन थांबलं की पंप थांबला. मग सुरू करण्याआधी लाइन भरायला एक दाबायचं बटण वेगळं लागतं. ऑइल प्रेशर स्विच यासाठी सरळ चालत नाही. तो दाब नसताना जोडलेला असतो, नेमका उलटा. वायर दीड स्क्वेअरची, अर्थ रंग खरवडून.

बटण अर्धा-पाऊण मिनिट दाबा आणि कान द्या. हवा असेपर्यंत टकटक भरभर, लाइन भरली की सावकाश. फिल्टरचा ब्लीड स्क्रू सोडून हवा काढा. आता गंमत अशी की जी चीर आजवर गुपचूप हवा खात होती, तिथूनच डिझेल टपकेल. फिल्टरच्या सीलभोवती वर्तमानपत्राचा कागद फिरवून बघा. फिल्टरनंतर जोडलेल्या प्रेशर गेजवर आयडलला ३-५ पीएसआय आणि भरल्या गाडीला चढावर किमान १-२ दिसायला हवेत.

याहून मोठ्या दाबाचा पंप 'असू दे जास्त' म्हणून लावू नका. फिल्टर हाउसिंग ओढीसाठी केलेलं असतं, आणि हाय प्रेशर पंपाचं शाफ्ट सील म्हातारं असेल तर डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. पहिल्या आठवड्यात रोज डिपस्टिक बघा. ऑइल वाढलेलं दिसलं, डिझेलचा वास आला, की फ्यूज काढायचा आणि आधी सील. वॉरंटीतल्या गाडीला, किंवा टाकीत आधीच विजेचा पंप असलेल्या गाडीला हे काम करू नये.

कामाला तीन तास धरा, ॲडॅप्टर तयार असेल तर. शंभर किलोमीटरनंतर क्लिपा पुन्हा आवळा. हजारला स्ट्रेनर उघडा. जुन्या टाकीचा गाळ पहिल्यांदा तिथेच येऊन बसतो.