एमओटीच्या नोंदी वाचून जुनी डिफेंडर घेतली, नऊ महिन्यांनी सांगतो पत्रिका कितपत जुळली

घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून म्हणतात. त्यात जुनी लँड रोव्हर पाहावी घेऊन, एवढं जोडायला हरकत नाही. माझी डिफेंडर ११० ही १९९६ सालची, ३००टीडीआय इंजिनाची. घेऊन नऊ महिने झाले, साधारण पाच हजार मैल फिरवली. गाडी कशी चालते यावर इतरांनी भरपूर लिहून ठेवलंय. मी लिहितोय ते ज्याच्या भरवशावर ती घेतली त्याबद्दल, म्हणजे तिच्या एमओटीच्या जुन्या नोंदींबद्दल.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी करावी लागते. सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या तपासण्या फुकट दिसतात: तारीख, रनिंग, पास की नापास, आणि तपासनीसाचे शेरे. माझ्या गाडीची पहिली काही वर्षं त्यामुळे अंधारातच राहिली, पण पुढचं सगळं समोर होतं. सुरुवातीला मीही बहुतेकांसारखाच फक्त पास-नापास बघत होतो. तीन गाड्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं की नापास होणं ही त्यातली सगळ्यात बिनमहत्त्वाची गोष्ट आहे.

पहिली गाडी दिसायला नवरीसारखी सजवलेली. खाली वाकलो तर सगळीकडे काळाकुळकुळीत ताजा अंडरसील, म्हणजे गंज रोखायला खालून फासतात तो जाड लेप. नोंदी उघडल्या. २०१६ मध्ये पास, पण शेरा होता की चासीला गंज आहे, अजून फार कमजोर झालेली नाही. २०१७ मध्ये तोच शेरा, आता दोन ठिकाणी. २०१८ मध्ये कोरी पाटी. एकही शेरा नाही.

गंज आपणहून बरा होत नाही. मधल्या काळात वेल्डिंग झालं असेल, नाहीतर आख्खी चासी बदलून जस्ताचा मुलामा दिलेली नवी टाकली असेल. डिफेंडरच्या बाबतीत हे सर्रास होतं आणि ते चांगलंच. पण त्याची पावती असते. एवढं काम करून घेणारा माणूस ती पावती फ्रेम करून लावेल. इथे विचारलं तर उत्तर एकच, "एमओटी क्लीन आहे ना!" तपासणी कुठल्या केंद्रावर झाली ते बघायचं असेल तर गाडीच्या लॉगबुकावरचा (म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा) अकरा आकडी नंबर लागतो. मालकाने तो कुरकुरत दिला. ज्या वर्षी शेरे गायब झाले, त्याच वर्षी केंद्रही बदललं होतं. माणसं घर बदलतात, केंद्र बदलणं हा काही गुन्हा नाही. पण तपासनीसाला काहीही खोलून बघायची परवानगी नसते आणि जाड अंडरसीलखाली पत्रा किती उरलाय हे वरून दिसत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा. मी निघालो.

चासीवर इतका का अडून बसलो तेही सांगतो. डिफेंडरचे बाहेरचे पत्रे बहुतेक अॅल्युमिनियमचे, पण खालची चासी पोलादाची, चौकोनी पोकळ पेट्यांची. चिखल आणि थंडीत रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी त्या पोकळीत साचतं, आणि गंज आतून बाहेर येतो. मागचा आडवा तुळईसारखा भाग बहुतेक वेळा आधी जातो. त्यामुळे अंगावर एक पोचा नसलेली गाडी खालून चाळण झालेली असू शकते. २० मे २०१८ पासून दोषांचे प्रकार बदलले आणि किरकोळ, मोठा, धोकादायक अशी वर्गवारी आली. म्हणून त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे शेरे शब्दाला शब्द लावून ताडू नका, जागा ताडा. चासी, उजवीकडे, मागे. ही जागा पुढच्या वर्षी कुठे गेली?

दुसऱ्या गाडीवर फार वेळ घालवला नाही. रनिंग एका वर्षात अवघं चाळीस मैल, मग दोन वर्षं एकही नोंद नाही, मग एकदम तेरा दोषांची यादी. रस्त्यावर आणणार नाही असं कळवून गाडी उभी करून ठेवता येते, तेव्हा एमओटी लागत नाही, म्हणून खंड पडला की लगेच चोरीचा माल समजायचं कारण नाही. शेतावर नाहीतर गोठ्यात उभी असेल. पण उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा वाईट सडते. (रनिंगचा आकडा तपासनीस टाकतो, त्यामुळे एखाद्या वर्षी एक आकडा जास्तीचा दिसला तर मालकावर लगेच आरोप करू नका. पुढच्या वर्षीचा आकडा बघा.)

तिसरी मी घेतली. तिची यादी बघून घरचे म्हणाले, "हिच्यात काय बघितलंस?" सहा वेळा नापास! २०१३ ला चासीचा मागचा भाग, २०१५ ला ब्रेक पाइप, नंतर स्टिअरिंगचे सांधे, पॅनहार्ड रॉडचे (पुढचा ॲक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, दोनदा टायर. पण प्रत्येक नापासानंतर काही दिवसांतच पास, आणि पुढच्या वर्षी तो दोष परत नाही. आधीच्या मालकाकडे वेल्डिंगच्या पावत्या होत्या, दोन तर तेलकट बोटांच्या ठशांसकट. शेऱ्यांत तेलगळती दर वर्षी होती. त्याने मी घाबरलो नाही. लँड रोव्हरवाल्यांत जुना विनोद आहे की तेल गळत नसेल तर तेल संपलेलं असतं.

आता चूक माझी. हँडब्रेकचा जोर कमी असल्याचा शेरा तीनदा होता: २०१७, २०२० आणि २०२२. मी वाचला आणि मनात म्हटलं, लायनर घासले असतील, बदलू. तिसऱ्या महिन्यात एका उतारावर गाडी लावून उतरलो आणि ती हळूच निघाली. पहिला गियर टाकायची सवय होती म्हणून वितभरावर थांबली. मेकॅनिकने ड्रम खोलला तर आत तेलाची आंघोळ. डिफेंडरचा हँडब्रेक चाकांवर नसतोच. गियरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी एक ड्रम असतो, तो मागच्या प्रॉपेलर शाफ्टलाच, म्हणजे मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यालाच, धरून ठेवतो. तिथलं ऑइल सील गेलं की तेल थेट लायनरवर. म्हणजे दर वर्षीची 'तेलगळती' आणि तीनदा आलेला 'हँडब्रेक' हे दोन वेगळे शेरे नव्हतेच. एकच आजार, दोन ओळींत लिहिलेला. कोणीतरी दर वेळी नवे लायनर टाकून पास करून घेतलं होतं आणि सील तसंच ठेवलं होतं. इतर दोष परत आले नव्हते, हा मात्र परत परत येत होता. माझ्याच नियमाने मला तिथे थांबायला हवं होतं. सील, लायनर, ड्रम सगळं बदललं, त्याला आता सहा महिने झाले. घाटासारख्या चढावरही जागची हलत नाही.

ज्याबद्दल नोंदींनी बरोबर सांगितलं त्यात चासी पहिली. लिफ्टवर चढवून हातोडीने ठोकून बघितली, वेल्डिंगची जागा पक्की आहे. पॅनहार्ड रॉडचे बुश बदलल्याचंही खरं निघालं. ते गेले की ठरावीक वेगाला पुढची चाकं आणि स्टिअरिंग थरथरतं, माझं थरथरत नाही.

पण एमओटी ही आरोग्य तपासणी नाही, त्या दिवशी गाडी सुरक्षिततेच्या आणि धुराच्या किमान निकषांत बसते का एवढंच ती बघते. क्लच, गियरबॉक्स, इंजिनाची आतली अवस्था यांना ती हातच लावत नाही. ३००टीडीआयला टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) असतो, सुरुवातीच्या काही इंजिनांत पुली किंचित तिरक्या असल्याने तो कडेने खायचा. तो कधी बदलला याची नोंद ना साइटवर, ना पावत्यांत. मी पहिल्याच आठवड्यात बदलून घेतला. जुना हातात घेतला तेव्हा एका कडेचे धागे सुटलेले दिसले आणि पोटात गोळा आला. क्लच पाचव्या महिन्यात गेला. छपरातून पावसाचं पाणी उजव्या गुडघ्यावर टपकतं, हेही कुठल्या सरकारी नोंदीत नव्हतं. असतं तरी मी गाडी घेतलीच असती.

ज्यांचा डोळा सीरीज थ्री किंवा त्याहून जुन्या लँड रोव्हरवर आहे त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. चाळीस वर्षं उलटलेल्या आणि मोठे बदल न केलेल्या गाड्यांना मे २०१८ पासून एमओटी सक्तीची नाही. तिथे नोंदी अचानक थांबलेल्या दिसतील. थांबण्याआधीची शेवटची दोन-तीन वर्षं वाचा, आणि मालकाने स्वतःहून तपासणी करून घेतली असेल तर तो माणूस सहसा बरा निघतो.

गेल्या महिन्यात माझी स्वतःची पहिली एमओटी झाली. पास, दोन शेरे: मागचा ॲक्सल जागेवर धरणाऱ्या ए फ्रेमच्या बॉल जॉइंटमध्ये थोडा ढिलेपणा, आणि ब्रेक पाइपावर हलका गंज. रात्री साइटवर जाऊन बघितलं तर त्या दोन्ही ओळी आधीच्या मालकाच्या ओळींच्या वर येऊन बसल्या होत्या. ब्रेक पाइपाचं काम पुढच्या सोमवारी आहे. बॉल जॉइंट मागवलाय. पावत्यांच्या फाइलमध्ये आता माझ्याही बोटांचे ठसे आहेत.