रुगर मार्क फोर टार्गेट: खोलायला सोपं, पण कुठे घासायचं ते माहीत हवं

रुगर या अमेरिकन कंपनीच्या .२२ (०.२२ इंची, छोट्या काडतुसाच्या) पिस्तुलांबद्दल अमेरिकेतल्या रेंजवर एकच रडगाणं वर्षानुवर्षं ऐकू यायचं: नेम अचूक, किंमत रास्त, बिघाड कमी, पण एकदा खोललं की परत जोडताना घाम फुटतो. १९४९ मध्ये पहिलं ‘स्टँडर्ड’ मॉडेल आलं, १९८२ मध्ये मार्क टू, त्यानंतर मार्क थ्री. पिस्तूल सुधारत गेलं, रडगाणं तसंच राहिलं. २०१६ मध्ये मार्क फोर बाजारात आलं आणि ते थांबलं. हे परीक्षण त्यातल्या टार्गेट मॉडेलचं आहे. साडेपाच इंची जाड नळी, वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवता येणारी मागची साइट, दहा काडतुसांची दोन मॅगझिन. काळ्या फिनिशचं साधारण १ किलो भरतं, स्टेनलेसचं १.२ किलोच्या आसपास.

आधी जुना त्रास काय होता ते सांगायला हवं, कारण वापरलेली मार्क टू आणि मार्क थ्री आजही भरपूर विकली जातात. त्यांच्यात मुठीच्या मागच्या बाजूला मेनस्प्रिंगचं, म्हणजे हॅमरला ताण देणाऱ्या स्प्रिंगचं, हाऊसिंग असतं आणि त्याची पिन थेट बोल्टमधून (काडतुसामागे टेकणारा, मागे-पुढे सरकणारा तुकडा) वर निघते. खिट्टी उचकटून हाऊसिंग बाहेर फिरवायचं, पिन खाली ओढायची, बोल्ट मागून काढायचा आणि मग नळीसकट वरचा भाग पुढे सरकवायचा. नव्या पिस्तुलात तो इतका घट्ट बसलेला असतो की प्लॅस्टिकच्या हातोडीने ठोकावं लागतं. खरी मजा जोडताना येते. हॅमर, म्हणजे ट्रिगर ओढल्यावर फायरिंग पिनवर आपटणारा तुकडा, पुढे पडलेला हवा आणि त्याला लोंबणारी छोटी दांडी, म्हणजे स्ट्रट, स्प्रिंगच्या टोपणात नेमकी टेकली पाहिजे. ती बाजूला अडकली तर हाऊसिंग बंद झाल्यासारखं दिसतं, पण बोल्ट पूर्ण मागे येत नाही. मग पुन्हा पहिल्यापासून. मार्क थ्रीमध्ये मॅगझिन नसताना हॅमर पडत नाही, त्यामुळे जोडताना मध्येच रिकामं मॅगझिन आत-बाहेर करत बसायचं. स्ट्रट कुठे लोंबतेय हे बाहेरून दिसतच नसल्यामुळे पुस्तिका तोंडपाठ असलेला माणूसही चुकतो.

मार्क फोरमध्ये यातलं काहीच उरलेलं नाही. मॅगझिन काढा. बोल्ट मागे ओढून अडकवा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी, डोळ्यांनी पाहा आणि करंगळीच्या टोकाने चाचपूनही पाहा. .२२ चं काडतूस इतकं लहान असतं की काळवंडलेल्या चेंबरमध्ये नुसत्या नजरेला चुकतं. आधी मॅगझिन आणि नंतर चेंबर हा क्रम उलटा करायचा नाही. मॅगझिन आत असताना बोल्ट पुढे सोडला तर जिवंत काडतूस पुन्हा चेंबरमध्ये जाऊन बसतं. खात्री झाली की बोल्ट पुढे जाऊ द्या. या हालचालीत हॅमर चढलेलाच राहतो. तो तसाच ठेवून सेफ्टी लावा. आता मागे, बोल्टच्या खाली असलेलं बटण दाबा. नळीसकट वरचा भाग पुढच्या बिजागरीवर फिरतो आणि फ्रेममधून सुटून हातात येतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: नळीचं तोंड वर केलं की बोल्ट मागच्या बाजूने आपोआप घसरतो. फरशीवर आपटण्याआधी खाली हात धरा.

सेफ्टी लावल्याशिवाय आणि हॅमर चढवल्याशिवाय ही उघडझाप करायची नाही. बटण हलत नसेल तर जोर करू नका, स्क्रूड्रायव्हर तर मुळीच घालू नका. दहातल्या नऊ वेळा सेफ्टी लावायची राहिलेली असते.

आता टेबलावर तीन वस्तू आहेत: फ्रेम, बोल्ट, आणि नळीसह रिसीव्हर (वरचा भाग, ज्यात बोल्ट सरकतो). रिकॉइल स्प्रिंग बोल्टवरच अडकलेली राहते, उडून कपाटाखाली जात नाही. नेहमीच्या साफसफाईला यापुढे काही सोडवायची गरज नाही.

घाण कुठे साचते हे कळायला हे पिस्तूल चालतं कसं ते पाहावं. ते साध्या ब्लोबॅकवर चालतं. नळी जागची हलत नाही. बोल्टचं वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच काडतुसाची पुंगळी आत धरलेली असते आणि दाब आला की बोल्ट मागे जातो. त्याबरोबर धूरही मागे येतो. त्यात .२२ ची गोळी बहुतेक वेळा उघड्या शिशाची आणि वर मेण चोपडलेली. मेण, शिसं आणि न जळलेली दारू यांचा काळा चिकट थर तीन जागी बसतो: बोल्टच्या तोंडावर, एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली आणि चेंबरच्या कडेला. नळीच्या आत मात्र त्यामानाने थोडाच.

लोक मात्र नेमकं उलट करतात. नळीतून वीस चिंध्या फिरवतात आणि एक्स्ट्रॅक्टरकडे बघतही नाहीत. रिकामी पुंगळी आत राहते, कधी अर्धवट बाहेर येऊन अडकते, त्याचं पहिलं कारण हे नख असतं. लाकडी टूथपिक घ्या, टोक सॉल्व्हंटमध्ये बुडवा आणि नखाखालचा थर खरवडा. सुटलेला चुरा काळ्या मेणासारखा निघतो. मग बोल्टचं तोंड नायलॉनच्या ब्रशने घासा. काडतुसाची कड जिथे टेकते ती गोल खाच स्वच्छ दिसली पाहिजे. चेंबरमध्ये .२२ चा पितळी ब्रश सॉल्व्हंट लावून हाताने आठ-दहा वेळा फिरवा आणि कोरड्या चिंधीने पुसा. चेंबरला तेल लावायचं नाही. शेवटचं काडतूस पूर्ण आत जात नसेल, बोल्ट केसभर उघडा राहत असेल, तर दोष बहुधा चेंबरच्या या कडेचाच असतो.

नळीसाठी सळई मागून घाला. बोल्ट काढल्यावर रिसीव्हर मागे मोकळा होतो, म्हणून पुढून सळई घालायचं कारणच नाही. पुढच्या तोंडाची कड घासली गेली की नेम बिघडतो आणि तो सुधारण्यासाठी नळीचं तोंड पुन्हा मशीनवर घ्यावं लागतं. ओली चिंधी एक, ब्रशच्या चार-पाच फेऱ्या, कोरड्या चिंध्या दोन-तीन, पुरे. ब्रश मध्येच उलटा फिरवू नका, आरपार जाऊ द्या. उघड्या शिशाच्या गोळ्या वापरणाऱ्याने दर दोन-तीनशे फैरींनंतर बोल्ट आणि चेंबर पाहावं. नळी त्याहून बऱ्याच उशिरा घासली तरी चालते.

तेल दोन थेंब. बोल्टच्या दोन्ही बाजूंना, जिथे रिसीव्हरशी घासून चकाकी आलेली दिसते तिथे, एकेक थेंब लावून बोटाने पसरा. जास्त तेल म्हणजे पुढच्या शंभर फैरींत वाळूसारखी पेस्ट. फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसाच्या कडेवर आपटणाऱ्या पिनच्या, खाचेत तर तेल नकोच. थंडीत ते घट्ट होतं, पिन जोराने जात नाही आणि कडेवर हलका ठसा उमटलेलं, न फुटलेलं काडतूस हातात येतं.

ही खाच साफ करायला काही जण बोल्ट आणखी सोडवतात. हरकत नाही, पण त्यात एक बारीक आडवी पिन असते, फायरिंग पिनला पुढे जाण्यापासून थोपवणारी. जोडताना ती घालायला विसरलं तर बंदूक चालते, काहीच कळत नाही, आणि रिकामा ट्रिगर ओढताना फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटत राहते. तिथे खळगा पडतो, धातू आत फुगतो आणि काडतूस आत जायला अडू लागतं. खोलणं सोपं झाल्यामुळे गरज नसताना खोलणारे वाढलेत, आणि ही चूक त्यांच्याच वाट्याला येते.

जोडायला अर्धा मिनिट लागतो. बोल्ट पूर्ण आत, हॅमर चढलेला, सेफ्टी लावलेली. रिसीव्हरची पुढची खाच फ्रेमच्या पुढच्या पिनवर अडकवा, मागचा भाग खाली दाबा, ‘टक’ आवाज येतो. तो आला नाही तर हॅमर पडलेला असतो किंवा बोल्ट थोडा मागे सरकलेला. नीट बसलं की बोल्ट दोन-तीनदा ओढून सोडून पाहा.

हातात नायट्राइलचे हातमोजे हवेत, कारण तो काळा चुरा म्हणजे शिसं. जेवणाच्या टेबलावर हे काम करू नका आणि काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा.

किमतीच्या याच पट्ट्यात स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी एका ॲलन स्क्रूवर उघडतं. चावी लागते, पण तेही सोपंच. ब्राउनिंगच्या बक मार्कचा ट्रिगर कारखान्यातूनच या रुगरपेक्षा सरस येतो, मात्र उघडायला वरची पट्टी आणि स्क्रू सोडवायचे. मार्क फोरचा ट्रिगर जड आहे आणि सुरुवातीला किंचित करकरतो. नेमबाज राही सरनोबत ज्या प्रकारात २०१८ ची आशियाई सुवर्णविजेती ठरली, त्या २५ मीटर पिस्तूलमध्येही .२२ लाँग रायफल हेच काडतूस असतं, पण तिथली पिस्तुलं वेगळ्याच तयारीची. पत्र्याचे डबे आणि रविवारची क्लब स्पर्धा यांना मार्क फोर भरपूर झालं.

जुनं घेणार असाल तर दोन गोष्टी तपासा. १ जून २०१७ पूर्वी बनलेली मार्क फोर कंपनीने परत मागवली होती: सेफ्टी मधोमध राहिली असताना ट्रिगर ओढला तर नंतर सेफ्टी सोडताना गोळी सुटण्याचा धोका होता. ४०१ किंवा डब्ल्यूबीआर ने सुरू होणारा सीरियल नंबर दिसला तर दुरुस्ती झाली आहे का हे कंपनीकडून खात्री करून घ्या. आणि बोल्ट काढून टॉर्चच्या उजेडात चेंबरची कड बघा. पिनचा खळगा दिसला तर भाव पाडा किंवा दुसरं बघा.