हातापायांचा इसब: पेट्रोलियम जेली की स्टेरॉइडची ट्यूब?

कापूस वेचणीच्या दिवसांत यवतमाळ-वर्ध्याकडं बोटं भेगाळतात, खाजतात. मग मेडिकलमधून ट्यूब येते, बहुतेकदा स्टेरॉइडचीच. इसब लाल, सुजलेला असेल तर ती खरंच काम करते. दाह काही दिवसांत उतरतो. पण तीच गजकर्णावर लावली की लाली दबते अन् बुरशी पसरत जाते. महिनोन्‌महिने चोळली तर कातडी पातळ होते. म्हणून डॉक्टरांना दाखवून, सांगतील तेवढेच दिवस.

जेली दाह शमवत नाही. मात्र हात धुतल्यावर ओलसर असतानाच लावली तर ओलावा टिकतो, आणि ती वर्षभर लावली तरी चालते. कोरड्या टाचांसाठी माझं मत जेलीलाच. गाजर गवतातल्या पार्थेनिन या रसायनानं अंगावर उठत असेल, तर निंदणाला हातमोजे अन् पूर्ण बाह्यांचा सदरा आधी. नाहीतर दोन्ही फुकट.