कोठार, गोठा की नुसतं छप्पर? इंग्लंडच्या खेड्यात राहायला बार्न निवडताना

आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आले, की आठवडाभर कुठेतरी खेड्यात जाऊन राहायचा बेत इंग्लंडमधल्या मराठी घरांत ठरतोच. दोन-तीन कुटुंबं मिळून जायचं असतं, स्वयंपाकघर आपल्या ताब्यात हवं असतं, म्हणून हॉटेल बाद होतं आणि शोध बार्नवर, म्हणजे राहण्याजोग्या केलेल्या जुन्या शेतइमारतीवर, येऊन थांबतो. अडचण अशी की बुकिंगच्या साइटवर ‘बार्न’ टाकलं की तीन अगदी वेगळ्या इमारती एकाच रांगेत दिसतात. मळणीचं उंच कोठार, अंगणाभोवतीचा बैठा गोठा, आणि डोंगरातलं दगडी छप्पर, जिथे अंथरूण-पांघरूणही आपलं आपण न्यायचं.

माझा कौल आधीच सांगून टाकते. वडीलधारी आणि लहान मुलं बरोबर असतील तर गोठा घ्या. कोठार फोटोत सगळ्यांत देखणं दिसतं आणि राहायला सगळ्यांत गैरसोयीचं असतं. छप्पर गुडघे शाबूत असलेल्यांसाठी.

कोठार

कोठाराची अडचण त्याच्या मूळ कामातच आहे. भरलेली गाडी थेट आत यावी एवढी उंच दोन दारं समोरासमोर, मध्ये मळणीची फरशी. हिवाळाभर तिथे धान्य झोडपायचे आणि दोन्ही दारं उघडी टाकून वाऱ्यावर उफणायचे. खिडक्यांची गरजच नव्हती. भिंतीत हवेपुरत्या उभ्या फटी, आणि उंदरांचा बंदोबस्त व्हावा म्हणून कुठे कुठे घुबडासाठी मुद्दाम ठेवलेलं भोक. म्हणजे मुळात ही इमारत वारा आत घेण्यासाठी बांधलेली. तिच्यात आता आपण जानेवारीत उबेत बसायचं म्हणतो.

रूपांतर करताना त्या दोन दारांच्या जागी पूर्ण उंचीची काच बसते. जाहिरातीतला फोटो हाच. बाकी भिंतींना नव्या खिडक्या पाडायला, विशेषतः इमारत संरक्षित यादीत असेल तर, सहसा परवानगी मिळत नाही. म्हणून दिवाणखाना उजेडाने भरलेला आणि झोपायच्या खोल्या मात्र छपरातल्या एका झरोक्यावर, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि पहाटे पाचच्या आत लख्ख उजाडतं. त्या झरोक्याला पडदा नसेल तर मुलं केव्हा उठणार ते सांगायला नको.

आता आपल्या घरांचा प्रश्न. कोठारात स्वयंपाक, जेवण, बैठक सगळं एकाच उंच दालनात असतं आणि माळ्यावरच्या खोल्या बहुधा त्याच पोकळीकडे उघडतात. मोहरी-हिंगाची फोडणी खाली पडली की तिचा वास वरच्या उश्यांपर्यंत जातो. धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेले असतात, एक वाजला की सगळे वाजतात. खाली रात्री पत्ते रंगले की वर झोपलेल्या आजीला प्रत्येक डाव ऐकू येतो. ऊब सरळ आढ्याला जाऊन बसते. जमिनीखालून तापवायची सोय असेल तर ती तापायला काही तास घेते, त्यामुळे थंडी वाजली म्हणून संध्याकाळी सातला बटण फिरवून काही हाती लागत नाही. माळ्याचा जिना अरुंद आणि उभा. वरच्या तुळया कपाळाच्या उंचीवर. त्या तुळयांवर मालकांनी चिकटवलेल्या ‘डोकं सांभाळा’च्या पाट्या गोड वाटतात, पण रात्री दोन वाजता बाथरूम शोधणाऱ्या सत्तरीच्या माणसाला त्या दिसत नाहीत.

स्वयंपाकघरात आगा नावाची भलीमोठी ओतीव लोखंडी शेगडी असेल तर आधी विचारून घ्या. गुस्टाफ डालेन या नोबेल मिळालेल्या, अपघातात दृष्टी गेलेल्या स्वीडिश शास्त्रज्ञाने ती १९२२ साली काढली आणि इंग्लंडच्या खेड्यांनी ती आपलीच मानली. तिचा पारंपरिक प्रकार अखंड तापलेला असतो. आच कमी-जास्त करायची नाही, भांडं तापल्या तव्यावरून मंद तव्यावर सरकवायचं. वरण, खीर, आटवायचं दूध यांना ती फार छान. पोळ्यांना मात्र हात बसेपर्यंत पहिल्या पाच-सहा जातात. शेजारी साधा इंडक्शन हॉब आहे का, आणि असला तर आपला कुकर त्यावर चालतो का, एवढं बघा. ॲल्युमिनियमचा जुना कुकर चालत नाही.

कोठाराची भव्यता बघायचीच असेल तर ती राहायच्या जागेत शोधण्यापेक्षा खऱ्या जुन्या कोठारात शोधावी. हीथ्रो विमानतळाच्या कुशीत हार्मंड्सवर्थ गावात १४२६ सालचं ओकच्या लाकडाचं कोठार उभं आहे, जवळजवळ ५८ मीटर लांब. इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि उन्हाळ्यातल्या ठरावीक रविवारी उघडतं. एसेक्समध्ये क्रेसिंग टेम्पलला टेम्पलर या लढवय्या ख्रिस्ती पंथाच्या सरदारांची तेराव्या शतकातली दोन कोठारं आहेत. ऑक्सफर्डशरमध्ये फॅरिंग्डनजवळ ग्रेट कॉक्सवेलचं दगडी कोठार आहे, ब्यूली मठाच्या साधूंचं. एकोणिसाव्या शतकातला कलाकार आणि लेखक विल्यम मॉरिस त्याच्यावर लुब्ध होता. आत उभं राहून वर बघितलं की तो का लुब्ध होता ते कळतं, आणि तिथे निजावं असं मुळीच वाटत नाही.

तरीही कोठार कोणी घ्यावं? मोठा वाढदिवस, लग्नाचा पन्नासावा, दहा-बारा माणसं एका लांब टेबलावर जेवणार, असा प्रसंग असेल तर त्याला तोड नाही. दोन-तीन रात्री, सगळे धडधाकट, स्वयंपाक निम्मा बाहेरून. मग हौस करून घ्या.

गोठा

शेतघराच्या मागे अंगण, त्याच्या तीन बाजूंना बैठ्या इमारती, ही इंग्लंडमधल्या कितीतरी शेतवाड्यांची जुनी मांडणी. त्यात गाईंचा गोठा, घोड्यांचा तबेला, गाड्यांची उघडी पडवी. वारा अडावा आणि ऊन यावं म्हणून या पडव्यांचं तोंड बहुतेक दक्षिणेला किंवा पूर्वेला ठेवलेलं. जनावरांना जे हवं होतं तेच आपल्या आजी-आजोबांनाही हवं असतं: कोरडी जमीन, कमी उंचीचं छत, सकाळचं कोवळं ऊन आणि दारातून थेट अंगण.

रूपांतर झाल्यावर इथे जिना नसतो, निदान बहुतेक ठिकाणी नसतो. गोठ्याच्या लांबीत एकापुढे एक खोल्या निघतात आणि प्रत्येकीला जाड भिंत मिळते. ज्यांना लवकर झोपायचं ते एका टोकाला, ज्यांना गप्पा मारायच्या ते दुसऱ्या टोकाला. छत बुटकं असल्याने लाकडाची छोटी शेगडी पेटवली की अर्ध्या तासात खोली ऊबदार. स्वयंपाकघर बरेचदा वेगळं किंवा निदान एका कोपऱ्यात, आणि दार उघडलं की फोडणीचा धूर थेट अंगणात.

खोट अशी की गोठे अरुंद असतात. एका खोलीतून दुसरीत जायला कधी कधी तिसरीतून जावं लागतं, आणि आठ माणसांना एकत्र बसायला जागा पुरत नाही. त्यावरही तोडगा त्याच अंगणात असतो. शेजारचे दोन गोठे दोन कुटुंबांनी घ्यायचे, जेवायला एकीकडे जमायचं, झोपायला आपापल्या दारी. भांडणं कमी होतात, हे अनुभवाने सांगते.

दुसरी गोष्ट, अंगण चालत्या शेतीचं असू शकतं. सकाळी सहाला ट्रॅक्टर, वसंतात शेतात शेणखत पसरल्याचा वास. आपल्यापैकी ज्यांचं बालपण गावी गेलं त्यांना याचं काही वाटत नाही. बाबांना तर मालकाशी गाईंच्या दुधावर बोलायला विषय मिळतो. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या विताना कोकरं बघायला मुलं धावतात. घरात कोणी गरोदर असेल तर तिने मात्र त्या काळात मेंढ्यांपासून आणि नवजात कोकरांपासून लांबच राहायचं. त्यांच्यापासून होणारे काही संसर्ग गर्भाला घातक असतात आणि इथली आरोग्यसेवा याबद्दल स्पष्ट बजावते.

छप्पर

उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्स या डोंगरदऱ्यांच्या भागात, विशेषतः स्वेलडेल खोऱ्याच्या कुरणांत, जवळजवळ प्रत्येक शेतात एक दगडी खोपटं उभं दिसतं. खाली चार-सहा गुरं, वर गवत. हिवाळाभर शेतकरी रोज चालत येऊन गुरांना माळ्यावरचं गवत घालायचा आणि वसंतात साठलेलं शेण त्याच कुरणात पसरायचा. अशाच काही शेत-बार्नमध्ये पुढे भटक्यांची सोय झाली. डेल्स, लेक डिस्ट्रिक्ट आणि पीक डिस्ट्रिक्टमध्ये अशी कॅम्पिंग बार्न मिळतात.

इथे दोन पायऱ्या आहेत आणि त्यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. अस्सल कॅम्पिंग बार्न म्हणजे लाकडी फळ्यांचा ओटा, एक टेबल, थंड पाण्याचा नळ आणि शौचालय, तेही कधी अंगणापलीकडे. स्लीपिंग बॅग, चटई, स्टोव्ह, भांडी, विजेरी सगळं आपलं. याच्या वरची पायरी बंकहाउस किंवा बंक बार्न: गादी असलेले दुमजली पलंग, गरम पाण्याचा शॉवर, बऱ्यापैकी स्वयंपाकघर. पहिल्यात माणशी दर हॉस्टेलपेक्षाही कमी पडतो, दुसऱ्यात हॉस्टेलच्या आसपास. मित्रांचा गट असेल तर अख्खंच घ्या. नाहीतर अनोळखी घोरणाऱ्यांची सोबत.

सह्याद्रीत गडावरच्या देवळात किंवा गुहेत मुक्काम केलेल्यांना हे सांगावंच लागणार नाही. फरक एवढाच की इथला मेमधला पाऊसही हाडात शिरतो आणि ओले बूट सकाळपर्यंत वाळत नाहीत. बदल्यात मिळतं ते म्हणजे दारातून सुरू होणारी वाट. पीक डिस्ट्रिक्टमधल्या एडेल गावाहून किंडर स्काउटच्या पठारावर चढता येतं, जिथे १९३२ साली कामगार तरुणांनी जमीनदारांची बंदी मोडून सामूहिक चढाई केली होती. १९६५ साली खुली झालेली पेनाइन वे ही लांब पायवाटही एडेललाच सुरू होते. डेल्समधल्या हॉर्टन-इन-रिबल्सडेलच्या परिसरात राहिलात तर पेन-इ-गेंट, वर्नसाइड आणि इंगलबरो ही तीन शिखरं एका दिवसात करायचा नेम अनेक जण धरतात. सुमारे ३८ किलोमीटर, १२ तासांच्या आत. ही दोन्ही गावं रेल्वेवर आहेत, म्हणजे गाडी नसली तरी चालतं. बाकीच्या दोन्ही प्रकारांत गाडीवाचून हाल.

कुठे आणि केव्हा

कॉट्सवोल्ड्स लंडनजवळ आणि मधाळ रंगाच्या दगडाचं, म्हणून सगळ्यांत महाग. बायबरी आणि बोर्टन-ऑन-द-वॉटर या गावांत उन्हाळ्यात बसगाड्यांची इतकी रांग लागते की आपण खेड्यात आलो आहोत हे विसरायला होतं. आई-बाबांसाठी मला नॉरफोकचा उत्तर किनारा जास्त पटतो. जमीन सपाट, बार्न गारगोटी आणि विटांचे, होकमचा अफाट समुद्रकिनारा, ब्लेकनीहून होडीतून सील बघायला जायचं. चढ नाही, दमछाक नाही. डोंगर हवेतच, पण गोठाही हवा, असं असेल तर डेल्स.

दिवसांचं गणित इथे वेगळं असतं. उन्हाळ्यात बरेच मालक शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार असा पूर्ण आठवडाच देतात. इतर वेळी शुक्रवार ते सोमवार तीन रात्री, किंवा सोमवार ते शुक्रवार चार रात्री, आणि या दोहोंचा दर पुष्कळदा जवळपास सारखाच. आई-बाबांना सुट्टी काढायची नसते, मग सोमवारचा मुक्काम घ्यावा, एक रात्र जवळजवळ फुकट. शाळांच्या सुट्ट्यांत, म्हणजे मे अखेरचा आठवडा, जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्ट आणि ऑक्टोबरमधली सुट्टी, दर चांगलेच चढतात. ऑगस्टमध्ये आठ माणसांचं चांगलं कोठार आठवड्याला दोन हजार पौंडांच्या सहज पुढे जातं. माझ्या मते सर्वांत चांगला काळ सप्टेंबरचा पहिला पंधरवडा: शाळा सुरू, हवा बरी, काटेरी झुडपांना ब्लॅकबेरी लगडलेल्या.

पैसे भरण्याआधी मालकाला विचारा

शॉवर बाथटबच्या आत आहे की जमिनीलगत? हा प्रश्न सगळ्यांत आधी. टबच्या कठड्यावरून पाय टाकणं सासूबाईंना जमणार नसेल तर बाकीच्या सोयी व्यर्थ. बादली-तांब्या आपला न्यावा, ते कोणाकडे मिळणार नाही.

लाकूड किती समाविष्ट आहे? पहिली टोपली बहुधा फुकट, पुढची विकत. रस्त्याकडेचं ओलं लाकूड उचलून आणू नका. ते नुसतं धुमसतं आणि धुराडं खराब करतं. ओल्या लाकडाच्या किरकोळ विक्रीवर इंग्लंडमध्ये २०२१ पासून बंदी आहे.

सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं का? खेड्यात ते तसंच असायची शक्यता बरीच. मग ओले वाइप्स टाकायचे नाहीत आणि तळणीचं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. बटाटेवड्यांचं उरलेलं तेल डब्यात भरून घरी परत आणायचं.

कुत्र्यांना परवानगी आहे का? असेल तर ॲलर्जी असलेल्यांनी गालिचा नसलेली जागा बघावी. मोबाइलला रेंज नसणं नेहमीचं, म्हणून फोनवर वाय-फाय कॉलिंग निघण्यापूर्वीच सुरू करून ठेवा. शेवटचा मैल-दीड मैल बहुधा एकाच गाडीच्या रुंदीचा असतो, दोन्ही बाजूंना उंच कुंपणाची झाडी. समोरून ट्रॅक्टर आला तर मागे जायची तयारी ठेवायची. भारतीय परवान्यावर पाहुण्यांना इथे वर्षभर गाडी चालवता येते खरी, पण त्या गल्लीत भाऊजींच्या हाती चाक देऊ नये.

वाणसामान सुपरमार्केटमधून दारात मागवता येतं का, तेही विचारा. पिन कोडवरून गाडी भलत्याच शेतात जाते, त्यामुळे मालकाकडून नेमक्या वळणाच्या खुणा लिहून घ्याव्या. कणीक, तूरडाळ, गोडा मसाला, कढीपत्ता मात्र घरूनच. निघायच्या दिवशी दहाला किल्ली द्यावी लागते, तेव्हा आदल्या रात्रीच डबे धुऊन ठेवा.