महापालिकेचं पाणी, प्रादेशिक योजना की गावाची स्वतःची विहीर?

कोल्हापूरच्या हद्दीला चिकटून असलेल्या कुठल्याही गावात जा, ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की तीन तट पडतात. एक म्हणतो, शहराची पाईप दारातनंच गेलीय, तिला जोडून घ्या. दुसरा म्हणतो, दहा-बारा गावं मिळून आहोत तसं प्रादेशिक योजनेत राहू. तिसऱ्याला कुणाच्या दारात जायचंच नसतं, त्याला नदीकाठी गावाची विहीर पाडायची असते. मी पाच वर्षं आमच्या पाणीपुरवठा समितीत होतो. तिन्ही बाजू ऐकून कान किटलेत. ज्यांना आता ठराव करायचाय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट, आपल्याकडं भांडण नदीतल्या पाण्यावरनं फार कमी वेळा होतं. राधानगरी धरण 8.36 टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), काळम्मावाडी धरण 25 टीएमसीच्या वरचं, शिवाय पंचगंगेवर जागोजागी कोल्हापुरी बंधारे. नदीत पाणी असतं. ते टाकीत चढत नाही, नाहीतर टाकीतनं शेवटच्या गल्लीपर्यंत टिकत नाही. म्हणून 'कुणाकडं पाणी जास्त' हे मोजत बसू नका. बंद पडलं तर कोण धावतं आणि व्हॉल्व्हची चावी कुणाच्या खिशात असते, तेवढं बघा.

आधी महापालिकेचं. कळंब्याचा तलाव, मग बालिंगा आणि शिंगणापूरचा उपसा असं करत शहर थेट पाईपलाईनवर आलं. काळम्मावाडीहून सुमारे 52 किलोमीटर वाहिनी टाकून नोव्हेंबर 2023 मध्ये पाणी पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्रात पोचलं. 2019 आणि 2021 च्या पुरात नदीकाठचे पंप पाण्याखाली गेले, चहूकडं पाणी आणि नळ मात्र कोरडा, हे बघितलेल्या माणसाला धरणाच्या पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. शुद्धीकरणही कुठल्याही ग्रामपंचायतीला झेपेल त्यापेक्षा सरस.

पण पाईप फुटली, वीज गेली, पंप बिघडला की आधी शहर. यात कुणाचा दुष्टपणा नाही, नगरसेवकाला फोन शहरातल्या मतदाराचा जातो, तुमच्या सरपंचाचा नाही. दुसरी अडचण राजकीय. 1972 ला महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढ, म्हणजे शेजारची गावं शहरात घ्यायचा वाद, धुमसतेय, 2017 ला 42 गावांचं विकास प्राधिकरण आलं तरी ती विझली नाही. 'पाणी पाहिजे तर शहरात या' हे वाक्य एक ना एक दिवस ऐकायला मिळणारच. तेव्हा पाणी घ्यायचं तर वेशीवर एक ठोक मीटर, पुढं गावाची स्वतःची टाकी, आणि दररोज किती लिटर हे करारात आकड्यात. मीटरच्या अलीकडची गळती मात्र तुमच्या बोकांडी बसते. शंभर भांडी विकत घेतली आणि तीस रस्त्यात सांडली तरी बिल शंभराचंच येतं.

प्रादेशिक योजनेबद्दल मी जरा कडू बोलणार. कागदावर ती सगळ्यात शहाणी: एक जॅकवेल (नदीकाठची उपशाची विहीर), एक शुद्धीकरण केंद्र, एक मुख्य वाहिनी, खर्च सगळ्यांत वाटलेला. आम्ही अशाच एका योजनेत होतो. गावाची वसुली नव्वद टक्क्यांच्या वर, पाणीपट्टीचा हप्ता कधी चुकवला नाही. एका एप्रिलमध्ये सहा दिवस पाणी नाही. चौकशी केली तर योजनेचं वीजबिल थकलेलं, कारण वरच्या तीन गावांनी पैसेच भरले नव्हते. मोटरीला काय कळतंय कुणी भरलेत आणि कुणी नाहीत? आमच्या गल्लीतल्या काकू पावती घेऊन समितीच्या ऑफिसात आल्या आणि टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ही घ्या, हिच्यातनं दोन घागरी काढून द्या." उत्तर नव्हतं.

दुसरं दुखणं टोकाच्या गावाचं. मुख्य वाहिनीवर पहिलं गाव असतं तिथं दाब चांगला, लोक नळाला मोटर लावून खेचतात, खड्ड्यातला व्हॉल्व्ह एक आटा जादा उघडला जातो. एकदा पहाटे साडेचारला मी स्वतः बॅटरी घेऊन गेलो होतो. चेंबरचं झाकण बाजूला, आत गुडघाभर चिखल, आणि चावी व्हॉल्व्हवर तशीच अडकवलेली. म्हणजे ज्याला वाटेल त्यानं यावं आणि फिरवावं. नळ असा थांबून-थांबून चालला की रिकाम्या पाईपात गटाराचं पाणी शिरतं ते वेगळंच. 2012 ची इचलकरंजीतली काविळीची साथ आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. टोकाच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं पाहिजे. ते बघायची ओ.टी. चाचणी दोन मिनिटांची असते, पण ती टोकाच्या नळाला न करता टाकीखाली उभं राहून करतात.

याच माणसांच्या शेतीच्या उपसा संस्था बघा. तिथं पाळी ठरलेली, पाणी सोडणारा पाटकरी ठरलेला, आणि पाणीपट्टी कारखान्याच्या ऊसबिलातनं परस्पर कापली जाते. तिथं कुणी बुडवत नाही, कारण बुडवताच येत नाही. पिण्याच्या पाण्याला असा कापणारा हात नाही. ग्रामपंचायतीनं दाखला अडवला तर तेवढाच.

आता स्वतःची विहीर. चावी आपली, माणूस आपला, रात्री दाराला हाक मारता येते. खर्चाचा बाऊ मात्र लोक उगाच करतात. गाव 12 हजारांचं धरा. जलजीवन या सरकारी नळयोजनेच्या माणशी 55 लिटरनं रोज 6.6 लाख लिटर, शहरी 135 लिटरच्या हिशेबानं 16.2 लाख. मधला आकडा म्हणून 10 लाख लिटर 60 मीटर उचलायचं, तर पंप फार चांगला नसला तरी रोज 270 युनिटच्या आसपास लागतात. युनिटला 7 रुपये धरले तर महिन्याला साधारण 57 हजार. दोन हजार नळजोडण्यांत वाटले तर जोडणीमागे तीस रुपयेसुद्धा होत नाहीत. खरा खर्च तुरटी, टीसीएल (ब्लिचिंग पावडर), दुरुस्ती आणि व्हॉल्व्हमनचा पगार. आणि पुराचा. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. 2021 ला राजाराम बंधाऱ्याजवळ नदी 56 फुटांवर गेली होती. पंपाचा विजेचा पॅनेल बोर्ड त्याच्या वर नसेल तर पंप उघडून वाळवण्यात आठवडा जातो. शिवाय वरच्या गावांचं सांडपाणी त्याच नदीत, त्यामुळं नुसत्या विहिरीवर भागत नाही, गाळणी केंद्र लागतंच.

तर मी काय करीन? गाव माळावर असेल, पाचगाव-मोरेवाडीच्या अंगासारखं, नदी लांब आणि चढ मोठा, तर शहराचं ठोक पाणी घेऊन स्वतःची टाकी बांधीन. नदीकाठी असेल तर स्वतःची विहीर आणि गाळणी. प्रादेशिकमध्ये राहायचं एकाच अटीवर: प्रत्येक गावाच्या वेशीवर मीटर, प्रत्येक गावाचं खातं वेगळं, आणि थकवलेल्या गावाचा व्हॉल्व्ह बंद करायचा लेखी अधिकार. शेजारच्या गावाचं पाणी तोडायचं म्हणजे पाहुण्यारावळ्यांशी वैर, हे मलाही कळतं. म्हणूनच ते आधी, सगळे गोडीत असताना लिहून घ्यायचं. इचलकरंजीला दूधगंगेतनं पाणी द्यायच्या सुळकूड योजनेवर कागलकडच्या गावांनी जो विरोध केला, त्याच्या मुळाशी हीच भीती होती: उन्हाळ्यात आमच्या वाट्याला काय उरणार?

आणि काहीही निवडलंत तरी जुनी विहीर बुजवू नका. आमच्याकडं नवी योजना आल्यावर तिच्यावर स्लॅब टाकून वर व्यायामशाळा बांधली. त्या सहा दिवसांत टँकर त्याच व्यायामशाळेसमोर उभा राहायचा.